शेषेरावांचं माळवद

शेषेराव आबा पहिल्या दिवशी आले ते हातात ओळंबा घेऊन. सुतळीच्या टोकाला सायकलचा जाड नट बांधून केलेला घरगुती ओळंबा. आम्ही करत होतो ती मातीची घरं वीतभर उंचीची, आणि हा सत्तरीचा माणूस त्यांच्या भिंती तपासायला ओळंबा घेऊन आला होता. मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"आबा, एवढ्याशा भिंतीला ओळंबा कशाला?"

"लहान असली म्हनून काय झालं? भिंत ती भिंतच," ते म्हणाले. "आनि बाई, मला माजी भिंत वाकडी करायची हाय. किती वाकडी, ते मोजून करावं लागंल का न्हाई?"

कोपऱ्यात माती मळत बसलेल्या गिरजाबाईंनी मान वर केली, आबांकडे एकदा पाहिलं, आणि आपलं पोतं ओढत त्या खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला गेल्या. भिंतीकडे तोंड करून बसल्या. तोवर सकाळपासून त्यांची टकळी चालू होती. ती बंद पडली.

गोष्ट कवठाळीची. मराठवाड्यातलं तीन हजार वस्तीचं गाव, एका पहाटे भूकंपात भुईसपाट झालं. त्यानंतर नऊ वर्षांनी मी तिथे गेले. जुन्या गावापासून दोन मैलांवर नवी वसाहत बांधलेली होती. एकसारख्या रांगा, एकसारखी सिमेंटची घरं, दारावर नावाऐवजी आकडा. बहात्तर नंबर, त्र्याहत्तर नंबर. म्हाताऱ्या माणसांना अजूनही आपलं दार चुकायचं.

मी तेव्हा चौतिशीची होते. मातीत हात घालून बारा वर्षं झाली होती, पण आधीची सगळी भांडी करण्यात गेलेली. मग भांड्यांवरून मन उडालं आणि घरांवर बसलं. माणसं कशाच्या आत राहतात, हेच मला करून बघायचं होतं. मुंबईच्या एका संग्रहालयाने मोठं दालन देऊ केलं, आणि मी ठरवलं की कवठाळी पुन्हा उभी करायची. मातीत, वीतभर उंचीची, एकशे ऐंशी घरं. ती मी करायची नाहीत, ज्यांची होती त्यांनी करायची. माझा नियम एकच, घर जसं होतं तसंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता.

वसाहतीच्या समाजमंदिरात आम्ही बसायचो. पहिले चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी गिरजाबाई आल्या, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शहरात धड उभी घरं न्हाईत का, आमची पडलेली बगाय आलाव?" आणि खाली बसून दोन दिवसांत त्यांनी स्वतःचं घर करून टाकलं, चुलीच्या धुराड्यासकट. त्यांच्यामागून सगळं गाव आलं. बायका भांडायच्या, "तुजं दार उगवतीला नव्हतं गं, माज्या अंगनात उघडायचं," आणि मग कुणीतरी एकदम गप्प व्हायचं. गिरजाबाईंचं काम संपलं तरी त्या रोज यायच्या. माती त्या अशी मळायच्या की माझे मुंबईचे सगळे विद्यार्थी त्यांच्यापुढे कच्चे लिंबू.

शेषेराव आबा शेवटचे आले. वीस दिवस ते रोज समाजमंदिरावरून जायचे, पण आत वळायचे नाहीत. आणि आले ते असे, ओळंबा घेऊन.

"हे समदं म्हमईला जानार ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लोक बगाय येनार?"

"येतील, बरेच येतील."

"मग बगू द्या त्यास्नी, हैबती गवंड्यानं माजी भिंत कशी बांधली ती." आवाज चढला नाही, नुसता जड झाला. "त्या भिंतीनं माजी मानसं खाल्ली. कोंडाबाई, माजी मालकीन. आनि द्वारकी, लेक. तिचे दिवस भरले व्हते, म्हनजे तीन म्हना. म्या मळ्यात पानी धराय गेलतो म्हनून ऱ्हायलो. भिंत कशी व्हती ते दाखवायचंय मला, मग मेलो तरी चालंल."

त्या दिवशी काम आटोपताना मी गिरजाबाईंना विचारलं, "हा हैबती गवंडी कोण?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "माजे मालक," त्या म्हणाल्या.

मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना गावाची सभा भरली होती, अधिकारी आले होते. तिथे शेषेराव उभे राहिले आणि चारशे माणसांसमोर म्हणाले, ह्याच्या भिंतीनं माझं घर खाल्लं. हैबती खाली मान घालून बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांच्या हाती कुणी थापी दिली नाही. नव्या वसाहतीत साधा ओटा बांधायला कुणी बोलावलं नाही. हॉटेलात चहा मिळायचा, पण शेजारची जागा रिकामी राहायची.

"घर फिरलं की घराचे वासेबी फिरत्यात, बाई. दोन सालांत खंगून गेले."

"आणि तुम्ही? तुम्ही काही बोलला नाहीत?"

"ज्याचं सगळं गेलं त्याच्यासंगं काय भांडायचं?" त्यांनी मातीचा गोळा उलटा केला आणि वरून मूठ मारली. त्या पुढे काही बोलणार नाहीत हे कळत होतं.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी खूश होते. लिहिताना लाज वाटते, पण होते. मला वाटलं, एकशे ऐंशी घरांत हे एक घर साक्ष देणार आहे. माहितीपत्रकात या घराबद्दल काय लिहायचं याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली.

दुसऱ्या दिवशी आबांनी भिंती उचलल्या, आणि मी बघतच राहिले. गावातल्या कुणाला इतकं आठवत नव्हतं. मातीचे छोटे छोटे दगड करून ते एकेक थर लावत होते. दर काही दगडांनंतर एक लांब दगड आडवा घालायचे, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा.

"हा कशाला?"

"दोनी बाजू धरून ठेवतोय त्यो. न्हाईतर भिंतीचं पोट सुटतं. हैबती हाताहाताला एक घालायचाच. दगड मिळंना तर दिवसभर बसून ऱ्हायचा, पर घालायचा." बोलता बोलता थांबले. कपाळाला आठी पडली. पण पुढच्या थरात लांब दगड पुन्हा घातलाच.

भिंत झाली. त्यांनी ओळंबा सोडला. सुतळी भिंतीला चिकटून सरळ खाली आली. आबांनी ओली भिंत तळव्याने बाहेर रेटायचा प्रयत्न केला, आणि हात मागे घेतला.

"वाकडी कराय गेलो तर हात धजत न्हाई," ते पुटपुटले. "अशी नव्हती बगा ती. पर आठवतीया अशीच."

"जशी आठवते तशी करा," मी म्हटलं. माझा नियम!

मग माळवद. आमच्या मुंबईकडे लोकांना माळवद ठाऊक नसतं. दगडी भिंतींवर लाकडी तुळ्या, त्यांवर वासे, त्यांवर काटक्या-पाचट, आणि वर माती. गावाच्या कडेची पांढरी माती. ती पाणी आत सोडत नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाआधी, प्रत्येक घरावर नवा थर टाकून चोपायचा. ज्याचं माळवद गळत नाही तो नीटनेटका माणूस. मुलगी द्यायची तर बाप आधी वर चढून माळवद बघायचा, असं गिरजाबाईंनीच मला सांगितलं होतं.

आबांनी डोक्यावरून पाटी आणली होती, जुन्या गावातून, दोन मैल चालून. तीच पांढरी माती. ती भिजवून, पातळ लाटून, एकेक थर ते छतावर चढवत होते आणि अंगठ्याने चोपत होते.

"किती थर, आबा?"

"बावीस. बावीस वर्सं ऱ्हायलो त्या घरात. एकबी साल चुकवलं न्हाई. समद्या गावाचं गळायचं, बाई. पाटलाचंसुदिक. माज्या घरात थेंब न्हाई आला." चेहऱ्यावर, नऊ वर्षांत बहुधा पहिल्यांदा, जरा उजेड आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बसलेलं सापडलं. भिंती बाहेर फुगलेल्या, छत आत.

"बगा!" आबा जवळजवळ ओरडले. "बगितली हैबतीची भिंत?"

पलीकडच्या टोकाला गिरजाबाईंची पाठ तशीच होती. आबांनी घर पुन्हा बांधायला घेतलं. तेच दगड, तेच लांब दगड, तेच बावीस थर. या वेळी ते आमच्यासमोरच, भर दुपारी, हळूहळू खाली बसलं. गुरुवारी भट्टी पेटवायची होती. ट्रक ठरलेला होता. एकशे एकोणऐंशी घरं सुकून रांगेत उभी होती, आणि हे एक काही उभं राहत नव्हतं. आबांनी तिसऱ्यांदा मांडलं. मी म्हटलं छत थोडं पातळ करा, तर म्हणाले, "तुमीच म्हनलाव ना, जसं होतं तसं?"

बुधवारी दुपारी तिसरंही गेलं. तीन भिंती आडव्या झाल्या, मागची तेवढी उभी राहिली. आबा मान हलवत म्हणाले, "भिंतच खराब, त्याला काय करनार?"

आणि माझा तोल गेला. आवाज मी चढवला नव्हता. वर्गात विद्यार्थ्याला समजावतात तसंच बोलले, जरा वैतागून.

"अहो आबा, भिंतीला कशाला बोल लावता? या सगळ्या गावात एवढी चांगली भिंत दुसरी नाही. पडतंय ते तुमच्या छतामुळे. थरावर थर, थरावर थर! जुनी माती उतरवायची नाही आणि वर नवी घालत राहायची. कोणती भिंत पेलणार एवढं ओझं? असं केल्यावर ते खाली येणारच."

खोलीत आठ-दहा माणसं होती. एकदम सगळी थांबली. मला वाटलं, मी म्हाताऱ्या माणसाशी जरा उद्धट बोलले म्हणून थांबली असतील.

आबांनी पडलेलं छत उचललं. माती अजून ओलसर होती. त्यांनी ते मधोमध मोडलं आणि मोडलेल्या कडेवर नखाने एकेक थर मोजत गेले. ओठ हलत होते. बावीसपर्यंत पोचले. मग खिशातून ओळंबा काढला आणि उभ्या राहिलेल्या भिंतीला लावला. सुतळी हलायची थांबेपर्यंत वाट पाहिली.

"कोंडाबाई म्हनली व्हती," ते कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. "त्या साली वासे करकरत व्हते. पुरं करा म्हनली. म्या म्हनलं, द्वारकी बाळंतपनाला आलीया, तान्ह्या लेकरावर थेंब पडाय नको. दोन पाट्या जास्तीच्या घातल्या म्या."



"हैबती दर उन्हाळ्यात सांगाय यायचा. शेषेराव, आदी जुनी उतरवा, मग नवी घाला. म्या म्हनायचो, तुला चार दिसाची मजुरी पायजे म्हनून सांगतूस. हसून जायचा." आता ते आपल्या तळव्यांकडे बघत होते. "म्या हातानं उकरलं त्यास्नी. धोंडे नव्हतेच जास्ती. माती व्हती. पांढरी. नऊ वर्सं म्या धोंडे व्हते म्हनतोय."

तेव्हा गिरजाबाई उठल्या. कोपऱ्यातून चालत आल्या आणि आबांच्या समोर बसल्या. नऊ वर्षांत त्या दोघांत एक शब्द झालेला नव्हता.

"शेषेराव," त्या म्हणाल्या, "ह्या बाईला काय कळतंय? मडकी करनारी बाई ती. भिंत वाकडीच व्हती. मालक सवता म्हनायचे मला. गिरजे, त्या भिंतीत माजी चूक झाली म्हनायचे. देवाशप्पत."

 आबांनी ओळंब्याची सुतळी नटाभोवती नीट गुंडाळली आणि तो गिरजाबाईंच्या हातात ठेवला.

"भिंत सरळ हाय, गिरजे," ते म्हणाले, आणि उठून गेले.

बाकीची माणसंही एकेक करून निघून गेली. मी आणि गिरजाबाई राहिलो. मी विचारलं, "खरंच म्हणायचे का तुमचे मालक, चूक झाली म्हणून?"

"न्हाई." त्या ओळंब्याकडे बघत होत्या. "सभा झाली त्या दिशी म्या लई भांडले त्यांच्यासंगं. म्हनलं, बोलला का न्हाई? सांगाचं व्हतं ना त्याला, तूच माती घातलीस म्हनून? तर म्हनले, गिरजे, त्याला कुनावर तरी दात धरू दे. माज्यावर राग हाय तवर जगंल त्यो. उद्या सवताचाच राग आला तर वाचायचा न्हाई."

 "मला माहीत नव्हतं, गिरजाबाई," मी म्हटलं.

"व्हय. म्हनून तर बोललाव. ठावं असनारे समदे गप व्हते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "साऱ्या गावाला ठावं हाय, बाई. ल्हान लेकरालाबी. कुनाचं माळवद हलकं व्हतं? समद्यांनीच घातली की माती. पर कुनी त्याच्या तोंडावर म्हनलं न्हाई."

तेव्हा मला हैबतीच्या शेजारची हॉटेलातली रिकामी जागा कळली. गावाला एकाला जगवायचं होतं, आणि स्वतःलाही. त्यासाठी दुसरा खंगत गेला तो सगळ्यांनी जाऊ दिला. मी तीन आठवडे त्यांच्यात बसून त्यांची दारं-खिडक्या मोजत होते, आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आबा आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. उभी भिंत तशीच ठेवून उरलेल्या तीन त्यांनी तासाभरात पुन्हा बांधल्या.

"छत?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "आता कुनाला पाऊस लागतोय?"

ओल्या भिंती लगेच भट्टीत घालता येत नाहीत, तडकतात. मी भट्टी चार दिवस पुढे ढकलली. ट्रकवाला बोंबलला. त्या एका घरासाठी मी तेवढंच करू शकत होते, आणि ते काहीच नव्हतं. गिरजाबाईंनी ते घर स्वतःच्या हाताने भट्टीत ठेवलं. एकही चीर न जाता ते बाहेर आलं.

मी मुंबईला परतले. तीन आठवड्यांनी गिरजाबाईंचा गावच्या बूथवरून फोन आला. "शेषेराव गेले," त्या म्हणाल्या. आजार काही नव्हता. तुम्ही गेल्यापासून जेवण टाकलं होतं, म्हणाल्या. रोज उठून जुन्या गावात जाऊन बसायचे. हैबती गवंड्याने माणूस अचूक ओळखला होता.

पुढे एका इंजिनियरांनी मला समजावून सांगितलं की दोष एकट्या छताचा नसतो. चिखलात रचलेली दगडी भिंतही असल्या हादऱ्यात टिकत नाही, नुसत्या लांब दगडांनी भागत नाही. भिंत, छत, जमीन, सगळ्यांचाच त्यात हात असतो. मी त्यांना विचारलं, मग माझ्या मातीच्या घराने काय सिद्ध केलं? ते म्हणाले, काहीच नाही, छताच्या ओल्या मातीने कच्च्या भिंती भिजल्या असतील. हे मला त्या बुधवारीही ठाऊक होतं. माती हाच माझा धंदा होता. पण मला चटकन बोलायचं होतं, आणि वाक्य तयार होतं.

त्या प्रदर्शनाने माझं नाव झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर मी एक बंद पडलेली गिरणी केली, एक रेल्वे वसाहत केली, परदेशातही कामं लागली. पण लोक अजून कवठाळीबद्दलच विचारतात, आणि त्यातही मधल्या त्या बिनछताच्या घराबद्दल. कुणी लिहिलं की ते आकाशाकडे उघडलेलं घर आहे, कुणी त्यात आशा पाहिली. मी वीस वर्षं मान हलवत आले आहे.

त्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गावातली चाळीस माणसं बस करून आली होती. गिरजाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. आपल्या घरापाशी त्या क्षणभरच थांबल्या आणि शेषेरावांच्या घरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी ओळंबा काढला, कुणाला न विचारता भिंतीला लावला, बघितला, आणि परत ठेवून दिला.

वर्तमानपत्रातली एक मुलगी वही घेऊन पुढे आली. तिने विचारलं, "आजी, हे घर कुणाचं?"

 सांगायचं ते सांगायला आता कुणाची आडकाठी नव्हती. नवरा गेला होता, आबा गेले होते, आणि समोर लिहून घेणारं माणूस उभं होतं.

"आमच्या शेषेरावाचं," गिरजाबाई म्हणाल्या. "लई जपनारा मानूस. बावीस वर्सं घरात पावसाचा थेंब येऊ दिला न्हाई त्यानं."